एका खोलीत बसवणारी माणसं

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, किरकोळ दुरुस्त्यांसह)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘नोकरीतले अनुभव’. बँकेत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाचे अनुभव म्हणजे कर्ज फेडणारे आणि न फेडणारे. ते ऐकायला कुणी दिवे घाट चढून आलेलं नाही, हे मला कळतं. म्हणून त्या अडतीसातली तीनच वर्षं घेतो, २००७ ते २०१०. तेव्हा मी नागालँडमध्ये दिमापूरला होतो. बोलणार आहे तेही बँकेबद्दल नाही. तिथल्या बाप्टिस्ट मंडळींच्या सभांबद्दल बोलणार आहे. हाच विषय का, ते शेवटी सांगतो. काही जणांच्या ते आत्ताच लक्षात आलं असेल. ते माझ्याकडे बघत नाहीयेत, त्यावरून मी ओळखलं.

बदलीचं पत्र आलं तेव्हा वय एक्कावन्न. घरात रडारड झाली. माझी आई म्हणाली, “तिकडं माणसं राहतात का?” तिकडच्या म्हातारीनंही आपल्याबद्दल हेच विचारलं असतं, एवढं तिथं गेल्यावर कळलं. दिमापूर सपाटीवर आहे. रेल्वे तिथून जाते आणि पुढं डोंगर सुरू होतात. बाजारात मारवाडी, बंगाली, बिहारी, आसामी आणि सगळ्या नागा जमातींचे लोक. रविवारी मात्र सगळं बंद. पहिल्या रविवारी मला दुधाची पिशवी मिळाली नाही आणि मी चिडलो. दुसऱ्या रविवारी खिडकीत बसून बघत राहिलो. रस्त्यानं माणसं नदीसारखी चालली होती, पोरंबाळं, म्हातारे, हातात पुस्तकं. २०११च्या जनगणनेत नागालँडमधले शंभरातले सुमारे अठ्ठ्याऐंशी लोक ख्रिस्ती आहेत, आणि त्यातले बहुतेक बाप्टिस्ट.

आमच्या शाखेत पेन्शनसाठी एक वृद्ध गृहस्थ यायचे. निवृत्त शाळामास्तर, आणि त्यांच्या गावच्या चर्चमध्ये प्रवचन करणारे. आम्ही सगळे त्यांना पास्टर म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “कुठले?” म्हटलं, महाराष्ट्र. तर म्हणाले, “अच्छा! केरीसाहेबांच्या व्याकरणाचे.” मी नुसतीच मान हलवली. घरी जाऊन शोधलं तेव्हा लाज वाटली. विल्यम केरी, इंग्लंडातला मोची, बाप्टिस्ट धर्मप्रचारक म्हणून १७९३ साली बंगालमध्ये आला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवायचा. वैजनाथ पंडितांची मदत घेऊन त्यानं १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश, तोही मोडीच्या खिळ्यांनी. आपल्या भाषेचा पहिला छापील कोश श्रीरामपूरला एका बाप्टिस्टानं काढला, हे मला दिमापूरला एका नागा माणसानं सांगितलं. आपल्याला शाळेत कुणी सांगितलं असेल, पण तेव्हा मी बहुतेक खिडकीबाहेर बघत असेन. (सर, तुम्ही हसलात म्हणजे सांगितलं होतं.)

आता बाप्टिस्ट म्हणजे कोण? मला जे समजलं ते साध्या शब्दांत सांगतो. हे लोक तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस मोठा झाला, स्वतःच्या समजुतीनं तयार झाला, की मग त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. कुणाच्या पोटी जन्माला आला यावरून तो सभासद होत नाही, स्वतः हो म्हणावं लागतं. त्यामुळं पुढची गोष्ट आपोआप येते. प्रत्येक गावची मंडळी स्वतंत्र. वर बिशप नाही, हुकूम देणारा कुणी नाही. गावोगावच्या मंडळ्या मिळून संघ करतात, त्यांची वर परिषद असते, पण परिषदेला कुणाला आज्ञा करता येत नाही. सभा बोलवायची, बोलायचं, ऐकायचं, पटवायचं. आपल्या ग्रामसभेसारखंच, फक्त तिथं लोक येतात.

नागा टेकड्यांत हा पंथ रुजला १८७२ साली. एडवर्ड क्लार्क नावाचा अमेरिकन पाद्री आसामात शिवसागरला छापखाना सांभाळायचा. पण डोंगरावर आधी गेला तो गोधुला नावाचा आसामी माणूस. आओ नागांनी त्याला हेर समजून पहाऱ्यात ठेवलं आणि तो आत बसून गाणी म्हणत राहिला. पुढं गावानंच त्याला आपलं म्हटलं. क्लार्कनं नंतर आओ भाषेचा कोश केला, तो १९११ साली कलकत्त्यात छापला गेला. केरीनंतर शंभर वर्षांनी तेच काम. मेरी क्लार्कबाईंनी शाळा काढली. या लोकांची सेवेची वाट अशीच असते, आधी लिपी, मग शाळा, मग दवाखाना.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

स्वातंत्र्याच्या आसपास नागा नॅशनल कौन्सिल आणि तिचे नेते फिझो यांनी वेगळ्या नागा राष्ट्राची मागणी धरली. पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून बंदुका निघाल्या. सैन्य गेलं, १९५८ साली विशेषाधिकाराचा कायदा आला. गावं जळली, माणसं जंगलात गेली, गावकऱ्यांना उठवून एकत्र वस्त्यांत ठेवलं गेलं. अत्याचार एकाच बाजूनं झाले असं म्हणणारा माणूस मला तिथं भेटला नाही, आणि तिथले लोक तसं म्हणत नाहीत म्हणूनच मी त्यांचं ऐकत गेलो. १ डिसेंबर १९६३ला नागालँड राज्य झालं. बंदुका थांबल्या नाहीत.

राज्य होऊन दोन महिने झाले आणि बाप्टिस्ट परिषदेचं अधिवेशन भरलं, वोखा गावी, १९६४च्या जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला. आमचे पास्टर तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचे, नवे मास्तर. ते तिथं पाणी भरायला आणि भात शिजवायला होते. त्यांनी सांगितलेलं मला अजून डोळ्यांपुढं दिसतं. मांडवात बसलेल्यांपैकी कुणाचा भाऊ जंगलात, कुणाचा पुतण्या सरकारी नोकरीत, कुणाचा बाप लष्कराच्या छावणीत नेलेला. भात वाढताना आपण कुणाच्या पानात वाढतोय ते बघायचं नाही, असं त्यांना बजावलेलं होतं.

त्या अधिवेशनानं ठराव केला. शांतिमंडळ नेमावं आणि त्यात चार माणसं असावीत: जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा, रेव्हरंड मायकेल स्कॉट आणि... पास्टरांनी चौथं नाव घेतलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. शंकरराव देव!

आपले शंकरराव देव. सासवडच्या आश्रमातले. आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी त्यांना पायी जाताना पाहिलंय. काँग्रेसचे सरचिटणीस, संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष, एवढं मला माहीत होतं. पण डोंगरातल्या बाप्टिस्टांच्या अधिवेशनात त्यांचं नाव घेतलं गेलं, हे इथं कुणी कधी बोललेलं मी ऐकलं नाही. चीनशी युद्ध झाल्यावर, सगळा देश रागावलेला असताना, हा माणूस १९६३च्या मार्चमध्ये दिल्लीहून पेकिंगकडे मैत्रीची पदयात्रा घेऊन निघाला होता. चीननं वाट दिली नाही, यात्रा आसामात थांबली. पुढं प्रत्यक्ष शांतिमंडळात ते आले नाहीत, तिघांनीच काम केलं. तरीही ते नाव त्या ठरावात आहे. सासवडच्या एसटी स्टँडवर उभं राहिलं की मला हटकून वोखा आठवतं.

ही चार नावं पुन्हा नीट बघा. त्यांत एकही बाप्टिस्ट नाही. स्कॉट पाद्री खरे, पण अँग्लिकन. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध लढलेले आणि फिझोंना लंडनला नेणारे, म्हणजे भूमिगतांना जवळचे. चालिहा मुख्यमंत्री, म्हणजे सरकारला जवळचे. जयप्रकाश कुणाचेच नाहीत आणि सगळ्यांचे. बाप्टिस्टांनी सभा बोलावली, मांडव घातला, भात शिजवला, आणि मधल्या खुर्चीत आपला माणूस बसवला नाही. मी बँकेत पुष्कळ तडजोडी बघितल्यात. मध्यस्थ हा बहुतेक वेळा स्वतःच्या खुर्चीसाठी आलेला असतो. म्हणून मला त्या वोख्याच्या मंडळींचं मोठेपण इथं वाटतं, प्रार्थनेत तेवढं नाही.

सात महिन्यांनी, ६ सप्टेंबर १९६४ला, युद्धबंदी लागू झाली. तो रविवार होता. मग कोहिमाजवळ चेडेमा इथं बोलणी सुरू झाली. डिसेंबरात शांतिमंडळानं दोन्ही बाजूंपुढं प्रस्ताव ठेवला. त्याचा गाभा असा की नागांनी आपण होऊन, स्वतःच्या इच्छेनं, भारतीय संघात सहभागी व्हायचं ठरवावं, आणि भारत सरकारनं त्या नात्याचा साचा नागांच्या आकांक्षांना सामावेल असा बदलून घ्यावा. मला हे वाचताना त्यांच्या बाप्तिस्म्याची आठवण झाली, आपण होऊन हो म्हणायचं. जयप्रकाशांच्या मनात तसं काही असेल असं नाही, हा आपला माझा विचार.

तो प्रस्ताव दोघांनी चर्चेसाठी घेतला आणि दोघांनी आपापल्या बाजूनं वाचला. गाडी तिथंच रुतली. फेब्रुवारी १९६६ मध्ये जयप्रकाशांनी राजीनामा दिला. मे महिन्यात सरकारनं स्कॉटना देशाबाहेर पाठवलं. मंडळ संपलं. वर्तमानपत्रांच्या दृष्टीनं गोष्ट तिथं संपते. पण पास्टर म्हणायचे, खरं काम करणारे त्यानंतरही तिथंच होते.

शांतिमंडळाबरोबर शांती-निरीक्षकांची एक तुकडी होती. कुठं गोळी झाडली, कुठं कुणाला पकडलं, अशी तक्रार आली की त्यांनी तिथं जायचं, दोन्ही बाजूंचं ऐकायचं आणि लिहून ठेवायचं. त्यात मार्जरी साइक्स होत्या, इंग्रज क्वेकर बाई. आपल्या वर्ध्याला सेवाग्राममध्ये त्यांनी नयी तालीमच्या शिक्षकांना शिकवलं होतं. साठीला आलेली बाई त्या डोंगरातून पायी हिंडत होती, १९६७ पर्यंत. कोइमतूरकडचे डॉ. एम. अराम होते. ते तर १९७२ पर्यंत राहिले, आणि नंतर त्यांनी या आठ वर्षांवर पुस्तक लिहिलं. यांना व्यासपीठ नव्हतं, हार नव्हते. बँकेत रोज संध्याकाळी रोकड जुळवतात ना, एक रुपया कमी पडला तरी उठायचं नाही, तसलं काम. एखादा दिवस केलं नाही तर कुणाला कळत नाही, महिनाभर केलं नाही तर बँक बुडते.

१९७२. आपलं साल. आठवतंय? दुष्काळ. आपल्यातले निम्मे मॅट्रिकचा निकाल हातात घेऊन खडी फोडायला गेले होते आणि सुकडी खाल्ली होती. त्याच ऑगस्टमध्ये तिकडं मुख्यमंत्री होकिशे सेमा यांच्यावर हल्ला झाला, ते वाचले. १ सप्टेंबरला सरकारनं युद्धबंदी संपल्याचं सांगून नागा नॅशनल कौन्सिलवर बंदी घातली. आठ वर्षं टिकलेली ती शांतता तिथं मोडली. आणि दोन-अडीच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, चर्चला शंभर वर्षं झाली म्हणून अमेरिकेचे बिली ग्रॅहम कोहिमाला आले आणि डोंगर भरून माणसं जमली. एका वर्षात बंदी पण आणि जत्रा पण. पास्टर त्या सभेला गेले होते. “भाषण कसं झालं?” म्हटलं, तर म्हणाले, “लांबून ऐकलं. जवळ बसायला मन झालं नाही.”

एकदा मी त्यांना सरळच विचारलं. पाऊस होता, शाखेत कुणी नव्हतं. म्हटलं, पास्टर, एवढ्या सभा, एवढ्या प्रार्थना, शेवटी मिळालं काय? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “माझी थोरली चौसष्टच्या ऑक्टोबरात झाली. आठ वर्षांची होईपर्यंत तिनं जवळून गोळी ऐकली नाही. शाळेचं एक वर्ष चुकलं नाही तिचं. तुम्ही बँकवाले, हे कुठल्या खात्यात लिहाल, सांगा.” मला सांगता आलं नाही.

चर्चचे हे लोक देवमाणसंच आहेत, असं मी म्हणत नाही. माझं दिमापूरच्या बाजाराशी रोजचं काम होतं. दुकानदाराला प्रत्येक भूमिगत गटाचा वेगळा ‘टॅक्स’ भरावा लागायचा, आणि तो घेणारेही रविवारी प्रार्थनेला बसायचे. चर्चच्या दबावानं १९८९ साली दारूबंदीचा कायदा झाला. दारू मात्र मला दिमापूरला जितकी दिसली तितकी पुण्यातही दिसली नाही. शांततेच्या बाबतीतही त्यांचे हात पोळले. ११ नोव्हेंबर १९७५चा शिलाँग करार घडवताना चर्चची माणसं मध्ये होती, त्यात लोंग्री आओ हे नावाजलेले रेव्हरंड होते. त्या कराराला भूमिगतांतल्या एका गटानं दगाबाजी म्हटलं. १९८० साली त्यांनी नवी संघटना काढली, १९८८ साली तीही फुटली. आणि मग नागा नागालाच मारायला लागला. १९९७ साली सरकारशी युद्धबंदी झाली, पण गटागटांतलं वैर काही त्या कागदात बसत नव्हतं. मध्यस्थी करणाऱ्यांना दोन्हीकडून शिव्या पडल्या. पास्टरांच्या एका नातलगानं त्यांच्या घरी जेवणं सोडलं होतं. अठरा वर्षं.

मी पोचलो त्या सुमारास, २००७-०८ मध्ये, हे वैर दिमापूरच्या आसपास अगदी तापलेलं होतं. भरदिवसा गोळीबार व्हायचा. शटर अर्धं खाली ओढून आम्ही काम केलंय. घरी फोनवर मी “पाऊस आहे” एवढंच सांगायचो.

आणि पुन्हा एक सभा बोलावली गेली. फेब्रुवारी २००८ मध्ये दिमापूरलाच शांतिसंमेलन झालं आणि २४ मार्चला नागा समेटासाठी एक मंच स्थापन झाला. त्याचे निमंत्रक रेव्हरंड वाती आयर, दिमापूरजवळच्या धर्मशास्त्र विद्यालयातले. बरोबर चर्चची, जमातींच्या संघटनांची माणसं. नागा मातांची संघटना तर त्याआधी कितीतरी वर्षं ‘आता रक्त नको’ म्हणत हिंडत होतीच. मदतीला बाहेरचे बाप्टिस्ट आणि पुन्हा क्वेकर. गटांच्या माणसांना एका खोलीत बसवायचं तर इथं जागाच नव्हती, कुठल्याही गावात एकाला दुसऱ्याची भीती. म्हणून बैठका घेतल्या थायलंडमध्ये, चियांग माई शहरात. एकदा नाही, अनेकदा. मधे फुटबॉलही झाला. एकमेकांवर बंदुका रोखणाऱ्या गटांची माणसं एकाच बाजूनं खेळली. पुढं कोहिमातही असा सामना झाला. आमच्या शाखेतला शिपाई तो बघायला रजा टाकून गेला होता. आल्यावर मी विचारलं, कोण जिंकलं? तर म्हणाला, “साब, गोल कोण देखता था? पास कौन किसको देता है, वो देख रहे थे सब.”

१३ जून २००९ला चियांग माईत समेटाच्या करारनाम्यावर गटांच्या नेत्यांनी सह्या केल्या. क्षमा मागायची आणि क्षमा करायची, हे त्याचं सूत्र. त्यात जमीन नाही, सत्ता नाही, पैसा नाही. मला तेव्हा वाटलं, हा कसला करार, ह्यात वसूल काय करायचं? पण त्यानंतर आपसातल्या हत्या खूप कमी झाल्या. थांबल्या असं नाही म्हणणार. नागांचा मूळ राजकीय प्रश्नही अजून सुटलेला नाही. २०१५ साली आराखड्याचा करार झाला, अंतिम तोडगा आजही बाकी आहे. आणि २०२१च्या डिसेंबरात मोन जिल्ह्यात ओटिंगला खाणीतून घरी निघालेले मजूर सैनिकांच्या गोळ्यांनी मेले. ती बातमी मी इथं आपल्या ओट्यावर बसून वाचली आणि पहिल्यांदा मनात आलं ते पास्टरांच्या नातवंडांचं.

२०१० साली माझी बदली झाली. निरोपाच्या दिवशी पास्टर आले. ते अठरा वर्षांवाले नातलग बरोबर होते. काय झालं, कसं झालं, मी विचारलं नाही. दोघांनी मिळून मला एक शाल दिली.

आता, हा विषय का निवडला ते.

हे सगळं डोळ्यांनी बघून मी परत आलो, आणि दोनच वर्षांत, २०१२ साली, आपल्या बॅचचा चाळिसाव्या वर्षाचा मेळावा झाला. मुलींच्या स्वच्छतागृहासाठी आपण पैसे जमवले. काम रेंगाळलं. बोलाचाली झाली. आणि एका रात्री अकरा वाजता मी ग्रुपवर लिहिलं, “व्हाउचर टाका, नाहीतर स्पष्ट सांगा पैसे कुठं गेले.” बँकेतल्या माणसाची खोड. त्याला फोन करता आला असता. त्याचं घर माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर आहे. मी लिहिलं ते सत्तावन्न जणांसमोर लिहिलं.

खजिनदार त्या रात्री ग्रुप सोडून गेला. त्याच्यामागून अकरा जण गेले. दुसरा ग्रुप झाला. पुढं दोन सहली, दोन दिवाळी फराळ. एका मित्राच्या अंत्ययात्रेला आपण रस्त्याच्या दोन कडांनी चाललो, हे मी विसरलेलो नाही.

२०१५ साली मला त्या कामाची बिलं बघायला मिळाली. ठेकेदारानं वाढवून मागितलेले पैसे खजिनदारानं पदरचे घातले होते. कुणाला न सांगता. म्हणजे मला सात वर्षं माहीत आहे. सात वर्षांत मी ते कुणालाही सांगितलं नाही, कारण सांगायचं तर आधी माझं काय ते सांगावं लागलं असतं. शिलाँग, वोखा, चियांग माई, सगळं मला पाठ आहे. चार गल्ल्या मला जमल्या नाहीत.

आजचा मेळावा एकच कसा झाला, ते आपल्याला माहीत आहे. आपल्यातली एक मैत्रीण दोन्ही ग्रुपांत नव्हती, तिच्याकडं साधा फोन होता. ती वर्षभर एसटीनं घरोघर फिरली. माझ्या घरी चारदा आली. एकदाही तिनं “तुझं चुकलं” असं म्हटलं नाही आणि “त्याचं चुकलं” असंही म्हटलं नाही, फक्त तारीख विचारली. आणि बाईंनी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, दोन्ही निमंत्रणं परत पाठवून निरोप दिला की दोन मेळाव्यांना मी येत नसते, एकाला येईन. बाई, तुम्ही आम्हाला गणित शिकवलंत, पण वर्गात कधी एवढी सोपी बेरीज घातली नव्हतीत.

ते पैसे चोख होते. ते मी सर्वांसमोर लिहिलं होतं, म्हणून हेही सर्वांसमोर सांगतो. बाकीचं जे त्याच्याशी बोलायचं ते त्याच्याशी बोलेन. तो तिसऱ्या ओळीत बसलाय आणि पंख्याकडं बघतोय.

संयोजकांना एक विनंती. दुपारी व्हॉलीबॉल आहे आणि संघ आधीच ठरलेत असं ऐकतो, ‘अ’ ग्रुप आणि ‘ब’ ग्रुप. ते रद्द करा, चिठ्ठ्या टाका. माझा गुडघा गेलाय, मी लाइनवर उभा राहीन. जेवण तयार असल्याची खूण झाली आहे, माझी वीस मिनिटं केव्हाच संपली. अंजिराची बर्फी आहे म्हणे.